चोवीस हजार घनफूट

आमच्या वाड्याचे खांब घनफुटावर विकले गेले. २००९चा उन्हाळा होता. नागपूरच्या महालातला दोन चौकांचा वाडा, पणजोबांच्या वेळचा, वाटेकरी सहा, आणि त्या जागेवर फ्लॅट स्कीम येणार हे सगळ्यांनी मिळून ठरवलेलं. जुनं लाकूड घेणारा एक व्यापारी आला. त्यानं एका खांबावर पटाशी मारून आतला रंग पाहिला, वाळवी लागली आहे का ते बोटानं ठोकून ऐकलं, टेप लावला आणि वहीच्या पानावर आकडे मांडत गेला. सोळा खांब. तुळया. वासे. कडीपाटाच्या फळ्या. दारांच्या चौकटी. खाली बेरीज, घनफुटात. बाबांनी सही केली. दोन दिवसांत ट्रक भरून गेला आणि मागे विटामातीचा ढिगारा उरला. मी तेव्हा लंडनला यायच्या गडबडीत होते. हे लाकूड पुढे कुठे जाणार, असं आमच्यापैकी कोणी विचारल्याचं मला आठवत नाही.

घनफूट हा शब्द त्यानंतर मला भेटला तो इथल्या एका दुकानाबद्दल वाचताना. ग्रेट मार्लबरो स्ट्रीटवरची लिबर्टीची इमारत १९२४ साली उभी राहिली आणि तिला मोडीत काढलेल्या दोन जहाजांचं २४,००० घनफूट लाकूड लागलं. एका दुकानाला चोवीस हजार. आमच्या वाड्याचा आकडा त्या वहीत राहिला. पण त्या दिवसापासून पावसाचं निमित्त करून मी त्या दुकानात जायला लागले, ती अजून जाते आहे. विकत फारसं काही घेत नाही. लाकूड बघायला जाते.

ऑक्सफर्ड सर्कसच्या स्टेशनातून वर आलं की रीजंट स्ट्रीटच्या दोन्ही अंगांना फिकट पोर्टलंड दगडाच्या भारदस्त इमारतींची रांग लागते. थोडं खाली चालून डावीकडे वळलं की एकदम काळं-पांढरं काहीतरी समोर येतं. जाड काळपट लाकडांच्या चौकटी, मधे पांढरा गिलावा, शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या लहान लहान काचांच्या खिडक्या, वर विटांची पीळदार धुराडी, आणि सगळ्यात वर वारा दाखवणारं सोनेरी जहाज. ते मेफ्लॉवर, सतराव्या शतकात इंग्रज वसाहतकऱ्यांना अमेरिकेला घेऊन गेलेलं. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, ही आठव्या हेन्रीच्या काळातली असणार. मलाही तसंच वाटलं होतं. ट्यूडर घराण्याचा काळ म्हणजे सोळावं शतक, आणि ही इमारत तर आमच्या पणजोबांच्या तरुणपणची.

हा सोळाव्या शतकाचा वेश का घेतला, ते समजायला दुकानदारापासून सुरुवात करावी लागते. आर्थर लेझन्बी लिबर्टी हा १८६२ साली, एकोणीस वर्षांचा असताना, रीजंट स्ट्रीटवरच्या ‘फार्मर अँड रॉजर्स’ या शालींच्या दुकानात नोकरीला लागला. तिथे काश्मिरी शाली विकायच्या, गिऱ्हाइकांच्या हातात पूर्वेकडचं कापड द्यायचं, हेच त्याचं शिक्षण. १८७५ साली होणाऱ्या सासऱ्याकडून २,००० पौंड उसने घेऊन त्यानं त्याच रस्त्यावर अर्धा गाळा घेतला. हाताखाली तीन माणसं. दीड वर्षात कर्ज फेडलं. पुढे दुकान वाढत गेलं आणि त्याच्या एका भागाला त्यानं नाव दिलं ईस्ट इंडिया हाउस.

माझे आजोबा इतवारीत एका कापडदुकानात दिवाणजी होते. पांढऱ्या गादीवर मांडी घालून बसलेले, समोर उलगडलेला तागा, शेजारी लोखंडी गज. कापड हाताला कसं लागतं यावरून ते गाव सांगायचे. त्यामुळे लिबर्टीच्या त्या काळच्या जाहिरातींत ‘नागपूर सिल्क’ असा शब्द आहे हे कळलं तेव्हा माझा जीव एकदम आजोबांकडे धावला. त्यांनी ते नाव ऐकून पहिल्यांदा हेच विचारलं असतं, की नागपूर म्हणजे नेमकं कुठलं? आमच्याकडे रेशीम म्हणजे कोसा. भंडाऱ्याकडचा, कोष्ट्यांच्या मागावरचा, करवतकाठी साडीचा. हाताला किंचित खरखरीत, उन्हात मधासारखा दिसणारा. लंडनच्या त्या कापडाचा त्या मागांशी किती संबंध होता, हे नावावरून ठरत नाही. मालाला पूर्वेकडचं नाव दिलं की तो खपायचा, हेही तितकंच खरं. टसरवर, म्हणजे कोशाच्या जातीच्या रेशमावर, नीट रंग चढत नाही ही जुनी अडचण. ती इंग्लंडमधल्या लीक गावच्या टॉमस वॉर्डल या रंगाऱ्यानं अनेक वर्षं खटपट करून सोडवली, १८७८च्या पॅरिस प्रदर्शनात तसं रंगवलेलं कापड मांडलं, आणि त्याचा माल लिबर्टीकडे येऊ लागला. वॉर्डलचं नाव पुस्तकांत आहे. असायलाच हवं. कोसा काढणाऱ्या बाईचं नाव कुठल्याच पुस्तकात नाही.

लिबर्टी १९१७ साली वारला. ही इमारत त्यानं पाहिली नाही. तोवर रीजंट स्ट्रीटची पुनर्बांधणी पुरी व्हायची होती. तिथली जमीन राजसत्तेच्या इस्टेटीची, आणि इस्टेटीचा दंडक असा की रस्त्यावरचं प्रत्येक तोंड अभिजात शैलीचं, दगडी, एकमेकांशी जुळणारं हवं. कंपनीला मात्र जुन्या इंग्लंडची ऊब असलेलं दुकान पाहिजे होतं. मग दोन्ही बांधलं. रीजंट स्ट्रीटवर खांबांची, कमानदार वळणाची दगडी इमारत. तिच्या माथ्यावरच्या शिल्पपट्टीत ब्रिटानिया, म्हणजे बाईच्या रूपातलं ब्रिटन, बसली आहे आणि पूर्व-पश्चिमेची संपत्ती तिच्याकडे चालली आहे. उंट, हत्ती, गाठोडी. ती इमारत आता लिबर्टीकडे नाही. आणि मागे, आडव्या रस्त्यावर, जिथे दंडक पोचत नव्हता तिथे, मनासारखं ट्यूडर घर. दोघींना जोडणारा पूल किंग्ली स्ट्रीटच्या डोक्यावरून जातो. त्या कमानीवर एक घड्याळ आहे. तास झाला की त्यात सेंट जॉर्ज भाल्यानं ड्रॅगनला मारतो. खाली एक जुन्या वळणाचं वचन कोरलेलं आहे, गेलेलं मिनिट परत येत नाही अशा अर्थाचं. दुकानाच्या दारावर असं लिहिण्याची हिंमत मला आवडते.

आराखडा एडविन टी. हॉल आणि त्याचा मुलगा एडविन स्टॅन्ली हॉल या बापलेकांचा. १९२२ साली हिग्ज अँड हिल या बांधकाम कंपनीला १,९८,००० पौंडांची ठोक रक्कम ठरवून काम दिलं. थोरला हॉल १९२३मध्ये गेला. काम मुलाच्या हातून पुरं झालं.

आणि लाकूड. आता मला थोडं सावकाश सांगू द्या.

दोन जहाजं होती. एक ‘इम्प्रेग्नेबल’. तिचं पाण्यात उतरतानाचं नाव ‘हाउ’, साल १८६०, तोफा १२१. लाकडी युद्धनौकांच्या अगदी शेवटच्या पिढीतली. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘वॉरियर’ ही लोखंडी युद्धनौका पाण्यात उतरली आणि शेकडो वर्षांची लाकडी जहाजबांधणी बघता बघता जुनी झाली. म्हणजे ही बिचारी जन्मतःच मागच्या काळातली. पुढे तिला नवं नाव मिळालं आणि ती प्रशिक्षणाची नौका झाली. दुसरी नौका ‘हिंदुस्तान’. ती १८४१ साली प्लिमथच्या गोदीतून उतरली. डार्टमथच्या खाडीत ‘ब्रिटानिया’ नावाच्या नौकेशेजारी तिला नांगरून ठेवलं, दोघींमध्ये पूल टाकला, आणि त्या जोडीवर नौदलाचे किशोरवयीन छात्र शिकायला लागले. १८७७ साली तिथे आलेल्या मुलांमध्ये राणीचा नातू जॉर्जही होता. हाच पुढे पाचवा जॉर्ज झाला, १९११ साली मुंबईच्या अपोलो बंदरावर उतरला, आणि त्या आगमनाची आठवण म्हणून जी कमान बांधली ती गेटवे ऑफ इंडिया. गेटवेचं उद्‌घाटन डिसेंबर १९२४मध्ये झालं. ज्या साली मुंबईत जॉर्जच्या नावानं सोळाव्या शतकातल्या गुजरातची आठवण करून देणारी दगडी जाळी आणि कमान उभी राहिली, त्याच साली लंडनमध्ये, तो ज्या नौकांवर शिकला त्यांतल्या एकीच्या लाकडातून, सोळाव्या शतकातल्या इंग्लंडचं घर उभं राहिलं. दोन्हीकडे जुना वेश नव्यानं शिवून घेतलेला. हे लक्षात आलं त्या रात्री मला झोप लागेना. कोणाला सांगावं तर घरात सगळे झोपलेले.

दोन्ही नौका १९२१च्या सुमारास मोडीत विकल्या गेल्या. ‘हिंदुस्तान’ची लांबी आणि दुकानाच्या दर्शनी बाजूची लांबी सारखीच आहे, असं दुकान अभिमानानं सांगतं. डेकच्या फळ्या जमिनीला गेल्या, त्यामुळे आज परफ्यूम आणि स्कार्फ घेणारे लोक ज्यावरून चालतात, त्यावरून एकेकाळी तेरा-चौदा वर्षांची मुलं धावली असतील. बाहेरच्या भिंतीतलं लाकूडही शोभेसाठी वरून चिकटवलेल्या पट्ट्यांचं नाही. जाड सोट खाचांत बसवून, लाकडी खुंट्या ठोकून केलेलं ते काम आहे. जवळ जाऊन पाहिलं तर खुंट्यांची डोकी मोजता येतात.

आत गेल्यावर मात्र मला इंग्लंड दिसत नाही. मला वाडा दिसतो.

इमारतीच्या पोटात वरून उजेड घेणाऱ्या तीन मोकळ्या जागा आहेत. जमिनीपासून छपराच्या काचेपर्यंत सलग. त्यांच्या चारी बाजूंनी लाकडी कठड्याच्या सज्जा फिरतात, आणि सज्जांना लागून बेताच्या आकाराच्या खोल्या. काही खोल्यांत शेकोट्या आहेत. ही रचना मुद्दाम केली होती. मोठ्या बाजारात आल्यासारखं न वाटता कोणाच्या तरी घरी आल्यासारखं वाटावं म्हणून. इंग्रजीत या जागांना काहीही म्हणोत, माझ्यासाठी ते चौक आहेत. तीनचौकी वाडा. माडीवरच्या कठड्याला रेलून खालच्या चौकात कोण आलं ते बघायचं, वरून हाक मारायची, खालून उत्तर यायचं. वरच्या काचेतून ढगाळ उजेड पडतो तो कठड्यांच्या कडांवर सांडत तळाशी जातो. फक्त मधे तुळस नाही. आणि कठड्यांवरून धोतरं आणि लुगडी वाळत घातलेली नाहीत. गालिचे आणि फुलाफुलांचं कापड सोडलेलं असतं.

वास्तुइतिहासकार निकोलाउस पेव्ह्‌स्नर याला ही इमारत अजिबात रुचली नाही. प्रमाण चुकलं, तोल चुकला, शेजारी त्याच कंपनीची अभिजात दगडी इमारत असताना हे मागे असणं चुकलं, असा त्याचा रोख होता. त्याचं म्हणणं मला कळतं. विसाव्या शतकात विजेच्या दिव्यांखाली दुकान मांडून बाहेर ट्यूडर मुखवटा लावायचा, हे त्याला अप्रामाणिक वाटलं असणार. पण मी लाकडाच्या बाजूनं बोलेन. त्या नौका मोडल्यावर जाळून टाकता आल्या असत्या, त्यांचं सरपण झालं असतं. कोणीतरी ती साठ-ऐंशी वर्षांची लाकडं पुन्हा कापली, रंधली, जोडली, त्यांना उभं राहायला जागा दिली आणि ती कुठून आली ते लिहून ठेवलं. आज शंभर वर्षांनंतर दुकानातली कालपरवा लागलेली मुलगीसुद्धा विचारलं की दोन्ही नौकांची नावं सांगते. मुखवटा म्हणा, पण स्वतःचं कूळ सांगणारं लाकूड मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

गेल्या वर्षी मे महिन्यात आई आली होती. राजवाडा, पूल, चाक सगळं दाखवून झालं आणि एका ओल्या दुपारी मी तिला इथे आणलं. तिनं कापड पाहिलंच नाही. जिन्याच्या कठड्यावर तळहात ठेवून ती उभी राहिली. मग हात नाकाशी नेला.

“हे सागवान नाही,” ती म्हणाली. “सागवान हाताला तेलकट लागते. हे बघ, कसं कोरडं लागून राहिलं.”

ओक होता तो. मी तिला तसं सांगितलं. ती मान डोलावून पुढे गेली, दर दोन पावलांना हात लावत. एका खांबापाशी तिनं मला हाक मारली. लाकडात रुपयाएवढी एक गोल गुळी बसवलेली होती. मूळचं भोक कसलं तरी, बोल्टाचं असावं, ते बंद करायला. गुळी फिकी होती, आणि तिच्याभोवती शाईसारखं निळसर काळं वर्तुळ उमटलेलं. ओकच्या लाकडात टॅनिन असतं, त्याला लोखंड आणि ओल एकत्र लागली की असा डाग पडतो. आत खोल जातो, रंध्यानं निघत नाही. लोखंड कधीच काढून टाकलंय. ते लोखंड तिथे होतं आणि तिथे पाणी होतं, एवढं तो डाग सांगतो. आईनं अंगठा त्यावर ठेवला. अंगठा बरोबर बसला.

“कोणत्या जहाजाचं?”

मी नावं सांगितली. ‘हिंदुस्तान’ म्हटल्यावर तिचा चेहरा उजळला. “म्हणजे आपल्याकडचं लाकूड!” मला तिचा तो आनंद मोडवेना, पण खरं ते सांगितलं. नाव आपलं, पण बांधलं इथेच, प्लिमथला. आपल्याकडची जहाजं वेगळी. मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारच्या सागवानात बांधलेली. त्यातलं १८१७ सालचं ‘ट्रिंकोमाली’ अजून पाण्यावर आहे, हार्टलपूलला. दोनशे वर्षं होऊन गेली. “सागवान आहे ना,” आई एवढंच म्हणाली. घरच्या माणसाचं कौतुक ऐकावं तसं.

चहा घेताना मी तिला बॅटरसीची गोष्ट सांगितली. सांगू नये असं आधी वाटलं होतं. १८८५च्या नोव्हेंबरात लिबर्टीनं बॅटरसी पार्कजवळच्या अल्बर्ट पॅलेसमध्ये हिंदुस्तानी खेडं मांडलं. चाळीसहून जास्त माणसं आपल्याकडून जहाजानं आणली. विणकर, रंगारी, भरतकाम करणारे, वाद्य बनवणारे, डोंबारी, गारुडी. त्यांनी तिथे राहायचं, काम करायचं, आणि लंडनकरांनी तिकीट काढून ते बघायचं. कापड कसं होतं ते दिसलं की कापड खपेल, हा हिशेब. नेमका तो हिवाळा कडक पडला. काचेच्या छपराखालचा तो मांडव थंड, गळका. खेळ फसला, आणि त्या माणसांच्या हालांबद्दल, कराराबद्दल तक्रारी उठल्या, लंडनमधल्या आपल्या लोकांनी त्यांची बाजू घेतली. आई कप खाली ठेवून ऐकत होती.

“त्यांना गरम कपडे दिले होते का?” तिनं विचारलं.

शालींच्या दुकानातून मोठा झालेला तो माणूस. मला उत्तर देता येईना.

ते खेडं या इमारतीच्या चाळीस वर्षं आधीचं. इमारतीच्या लाकडाचा त्यात काही दोष नाही, आणि मी तो तिच्या माथी मारत नाही. पण प्रत्येक वेळी त्या चौकात उभं राहिलं की मला दोन्ही गोष्टी एकदम आठवतात. कुठल्या नौकेची फळी ते ठाऊक आहे, किती घनफूट ते ठाऊक आहे. त्या चाळीसांपैकी एका विणकराचं नाव मात्र मला माहीत नाही.

ही इमारत आता कायद्यानं जपलेली आहे. इंग्लंडमध्ये १९४७च्या नगररचना कायद्यानं अशा वास्तूंच्या याद्या करायला सुरुवात केली. आज यादीत चार लाखांच्या आसपास नोंदी आहेत. श्रेणी तीन: पहिली, दोन-तारा आणि दुसरी. नव्वद टक्क्यांहून जास्त वास्तू दुसऱ्या श्रेणीत येतात. लिबर्टी दोन-तारा श्रेणीत आहे, म्हणजे शंभरातल्या पाच-सहांपैकी एक. तिची खिडकी बदलायची, कठडा हलवायचा तर परवानगी लागते. या यादीतल्या नोंदी मी अधूनमधून वाचते. त्यांत अलंकार नसतात. किती मजले, भिंत कशाची, छप्पर कशाचं, खिडक्या किती आणि कशा, जिना कुठे, आत काय शिल्लक आहे. इतकंच लिहितात. पण कोणीतरी दारात उभं राहून, वर बघून, मोजून लिहिलेलं असतं.

आमचा वाडा कुठल्याच यादीत नव्हता. तसे महालात शेकड्यानं होते.

नागपूरला परत गेल्यावर आईनं आपणहून त्या व्यापाऱ्याचा पत्ता काढला. तो आता नाही. वखार मुलगा चालवतो. मुलगा चांगला बोलला, चहा पाजला. जुन्या वह्या माळ्यावर होत्या, त्या वाळवीनं खाल्ल्या म्हणाला. त्या सुमाराचं लाकूड बरंचसं हॉटेलवाल्यांना आणि फार्महाउसवाल्यांना जायचं, एवढं त्याला आठवत होतं. कुठल्या, ते नाही.

तेव्हापासून रविवारी तिचा फोन आला की मी वही उघडून बसते. यादीतल्या नोंदींसारखं लिहायचं ठरवलंय. ती सांगते, मी लिहिते. दर्शनी भाग पूर्वेला. दिंडी दरवाजा सागवानी, दोन फळ्यांचा, उजव्या फळीत लहान दार. दगडी जोतं, पाच पायऱ्या, तिसरी मधोमध झिजलेली. पहिल्या चौकात हौद, दुसऱ्यात विहीर. माडीला कडीपाट. लाकूड चांद्याच्या जंगलातलं, बैलगाड्यांनी आणलेलं. देवघराच्या चौकटीवर कमळ, त्याची डावीकडची पाकळी तुटलेली. खांब चौकोनी, खाली दगडी उथळ्यांवर, वर केळफुलाची नक्षी. संख्या सोळा.

“सोळा नाही,” परवा तिनं मला मधेच थांबवलं. “सतरा लिही. एक मोरीच्या भिंतीत बुजलेला होता. मी लग्न होऊन आली तेव्हा अर्धा दिसायचा, मग गिलाव्यात गेला. त्या माणसानं तो मोजलाच नाही.”

मी सोळावर काट मारली आणि सतरा लिहिलं.